दगडावरचं दहावं नाव

वैजयंता मांढरे आली तेव्हा मी ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत होतो. पेन्शनीवर येऊन तीन वर्षं झाली होती, पण पंधरा ऑगस्ट जवळ आला की माझे बूट बाहेर निघायचेच. ती पायरीपाशी थांबली. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद.

“मामा, येऊ का?”

“ये की, सूनबाई. बस.”

ती बसली नाही. कागद काढून तिनं माझ्यापुढं धरला. माझे हात पॉलिशनं काळे झाले होते, म्हणून मी तो घेतला नाही, नुसता वाकून वाचला. तिच्या नवऱ्याच्या पलटणीचं पत्र होतं. नायक जोतीराम आत्माराम मांढरे, ड्रायव्हर, लेहच्या वाटेवर रसद नेताना कर्तव्यावर असताना मृत्यू. खाली साहेबाची सही, गोल शिक्का.

“पंधरा तारखेला दगडापुढं नावं वाचता तुम्ही,” ती म्हणाली. “ह्यांचंबी नाव तिथं घालावं, असं मामंजींचं म्हणणं हाय. माझंबी हाय.”

ही गोष्ट दोन हजार चार सालची. आमचं खडकोंडी गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस मिलिटरीत. चावडीसमोर चिंचेखाली पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा आहे. त्यावर वर कोरलंय, ‘देशासाठी कामी आलेले आमच्या गावचे जवान’, आणि खाली नावं. तेव्हा नऊ होती. पहिलं नाव शिपाई हणमंत रामजी शेलार यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते बासष्ट साली गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. माजी सैनिक मंडळाचा अध्यक्ष मी, त्यामुळं नावं वाचायचा मान माझा होता, आणि दगडावर नवं नाव घालायचं की नाही, हेही माझ्या शब्दावर ठरायचं.

जोतीराम मे महिन्यात गेला होता. रॉकेलची पिंपं आणि आटा घेऊन वर निघाला होता, बर्फानं भिजलेली रस्त्याची कड खचली आणि गाडी दरीत गेली. आठव्या दिवशी तिरंग्यात गुंडाळून त्याला गावात आणला तेव्हा सगळी तयारी मीच केली होती. बंदुकीची सलामी झाली. मी स्वतः सॅल्यूट केला. पण दगडाची गोष्ट मला वेगळी वाटत होती.

“सूनबाई,” मी म्हणालो, “जोतीरामबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ह्या दगडावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. समोरून गोळी आलेल्यांची. मंडळाची मिटिंग लावतो, पण तू फार आस धरू नकोस.”

तिनं कागदाची घडी केली, आधीच्याच घडीवर, सावकाश.

“आणखी एक विचारायचं व्हतं. चावडीवर तुम्ही म्हणालात म्हणं, अपघात तर एस्टीचाबी होतो. म्हणालात का?”

मी म्हणालो होतो. आठवड्यापूर्वी, चारचौघांत, तंबाखू मळता मळता.

“म्हणालो,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. “लोक वाढवून सांगतात, म्हणून विचारलं.”

आणि ती गेली. आत आई तांदूळ निवडत बसली होती. सुपाचा आवाज मघाच बंद झाला होता. मी आत वळून पाहिलं तर ती माझ्याकडंच बघत होती. 

मिटिंग दोन दिवसांनी शाळेच्या खोलीत झाली. पाच माणसं मंडळाची, सहावे सरपंच. दाराबाहेरच्या कट्ट्यावर जोतीरामचे वडील आत्माराम मांढरे येऊन बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि उठा असंही कुणी म्हणालं नाही.

हवालदार केरबा निकम माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा थोरला भाऊ गेलेला, त्याचंही नाव दगडावर आहे. तोच पहिल्यांदा बोलला. “घालून टाकू नाव. गावचं पोर हाय. ड्यूटीवर गेलंय.”

“केरबा, तुझ्या भावाच्या छातीत गोळी लागली होती,” मी म्हणालो. “त्याच्या खाली गाडी घसरलेल्याचं नाव घालायचं? उद्या कुणी रजेवर येताना रेल्वेतून पडेल. परवा कुणी हार्टनं जाईल. सगळ्यांची घालायची का? मग त्या दगडाला अर्थ काय राहिला?”

“भाऊ काय म्हणायला येणार हाय,” केरबा पुटपुटला.

“माझ्या बापाचं नाव सगळ्यात वर आहे,” मी म्हणालो, आणि आवाज चढला हे मला कळलं. “तो चिन्यांशी समोरासमोर लढून मेला. त्याच्या रांगेत बसायचं तर तशी किंमत मोजलेली असावी लागते. मी अध्यक्ष आहे तोवर हे होणार नाही.”

 माझ्या वडिलांचं नाव काढल्यावर गावात कुणी बोलत नसे. सरपंचांनी घसा खाकरून मधला मार्ग काढला, एस्टी थांब्याच्या शेडला जोतीरामचं नाव देऊ म्हणाले. हात वर झाले. केरबानं केला नाही, पण विरोधही केला नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आत्माराम मांढरे उठून उभे राहिले. टोपी नीट केली, सगळ्यांना हात जोडले. “वेळ दिलात, उपकार झाले,” म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आई उंबऱ्यात बसली होती.

“झाली मिटिंग?”

“झाली.”

“काय ठरलं?”

“शेडला नाव द्यायचं ठरलं. दगडावर नाही.”

“नको कोण म्हणालं?”

“मी.”

“आत्माराम भावजी आत्ताच हितनं गेलं,” आई म्हणाली. “दोन घोट पाणी प्यालं. तू बापाचं नाव घेतलंस म्हणं तिथं.”

“घेतलं. खोटं काय बोललो?”

“खोटं तू न्हाय बोललास. तुला ठावंच न्हाय.” तिनं बाजूची जमीन हातानं झाडली. “बस हितं.”

मी बसलो.

“तुझा बा लढाईपतूर पोचलाच न्हाय, रंगा.”

मला वाटलं वयानं तिला काहीतरी भास होतोय. पण ती तेव्हा सहासष्ट वर्षांची होती आणि गावातल्या प्रत्येक पोराची जन्मतिथी तिला पाठ होती.

“गाडीत घालून न्यायला लागले व्हते त्यास्नी. चार दिस गाडी चालली व्हती. तिसऱ्या दिशी ताप भरला. डोळं उघडंनात, पाणी ठरंना. आसामच्या अलीकडं कुठल्याशा ठेसनावर त्यास्नी खाली उतरवलं आणि गाडी पुढं गेली. तिथल्या दवाखान्यात तीन दिस व्हते. मग गेले.”

“तुला कुणी सांगितलं?”

“शिवराम म्हणून संगतीला व्हता त्यांच्या, कराडकडचा. त्यानंच खांद्याला धरून गाडीतनं उतरवलं व्हतं. तो लढाईतनं वाचला, आणि वरीसभरानं आपल्या घरी आला. हितंच बसला व्हता, तू बसलायस तिथं. तो म्हणाला, वैनी, त्याला ताप सोसवत व्हता, लाज सोसवत नव्हती. पोरं पुढं निघाली आणि मी असा हातरुणात, असं म्हणत व्हता. घरी सांगू नको म्हणाला, म्हणून मी वरीसभर आलो न्हाय.”

चुलीत लाकूड खाली सरकलं. आईनं ते आत ढकललं नाही.

“गावात दगड उभा करायचं निघालं, तेव्हा सोनवणे गुरुजी नाव विचारायला आले. मी त्यास्नी सांगितलं, गुरुजी, ते लढाईत न्हाय गेले, तापानं गेले. गुरुजी म्हणाले, घरातनं निघाला तेव्हाच तो कामी आला, अनुसया. म्हणून दगडावर तसा शबूद लिहिला त्यांनी. लढाईत मेले असं न्हाय लिहिलं. कामी आले, असं लिहिलं. जाऊन वाच.”

मला जाऊन वाचायची गरज नव्हती. चाळीस वर्षं मी ते अक्षर अन् अक्षर वाचत आलो होतो.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू आठ वर्षांचा व्हतास. दगडाखाली उभा ऱ्हाऊन पोरांना सांगायचास, माझ्या बानं दहा चिनी मारलं. म्होरल्या साली पंधरा झालं. मी हिरीवर जाता-येता ऐकायची. म्हटलं असूंदे. पोराला बा न्हाय, निदान गोष्ट तरी असूंदे.”

“आणि आज का सांगतीयेस?”

आई उठायला लागली. गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

“आज तू ती गोष्ट दुसऱ्याच्या लेकीवर उगारलीस, म्हणून.”

मी त्या रात्री जेवलो नाही. राग आला होता, पण तो कुणावर धरावा ते कळत नव्हतं. वडिलांवर धरवेना, आईवर धरवेना. मी अठराव्या वर्षी भरती झालो तो त्या पंधरा चिन्यांपायी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत जिथं जिथं भीती वाटली तिथं तिथं बापाला आठवलं होतं.

पहाटे शेताकडं गेलो. बांधावर बसलो आणि काही कारण नसताना एक जुना दिवस आठवला. काश्मीरमध्ये वरच्या ठाण्यावर आम्ही अकरा जण होतो. बर्फानं वाट बंद. चार दिवस रॉकेल संपलेलं, बर्फ वितळवायला जाळ नाही, कोरडे चणे खात होतो. पाचव्या दिवशी खालून गाडीचं इंजिन ऐकू आलं. आमच्यातला एक जण ते ऐकून रडला होता. गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला आम्ही चहा दिला, तो पिऊन तो अर्ध्या तासात परत खाली निघाला. त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. तो खाली सुखरूप पोचला की नाही, हेही कधी विचारलं नव्हतं.

उन्हं वर आल्यावर मी केरबाच्या घरी गेलो.

“नाव घालू,” मी म्हणालो. “दगडावरच. पाथरवटाला उद्याच बोलव.”

केरबा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. “काल तर म्हणालास...”

“काल म्हणालो. आज हे म्हणतोय.”

“का पण?”

“तू नाव घालायचंच म्हणत होतास ना? मग कशाला विचारतोस?”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, नाव घातलं की झालं. बाकीचं माझ्या आणि आईच्या उंबऱ्याच्या आत राहील.

चौदा तारखेला सकाळी पाथरवट आला. मी स्वतः त्याला अक्षरांचं माप आखून दिलं, वरच्या नावांइतकंच. दुपारपर्यंत छिन्नीचा आवाज गावभर येत होता. तो ‘मांढरे’वर आला असेल तेव्हा मागे वैजयंता येऊन उभी राहिली. शेतातून आली होती, पायाला चिखल, डोक्यावर पावसासाठी पोत्याची खोळ.

तिनं कोरलेली अक्षरं पाहिली. मग माझ्याकडं वळली.

“मामा, मन कशानं बदललं?”

“मंडळानं पुन्हा विचार केला.”

“काय विचार केला?”

 पाथरवटानं छिन्नी थांबवली होती.

“माझी दया आली असंल तर सांगा,” ती म्हणाली. “मामंजी काठी टेकत घरी आले ते बघून कुणाला वाईट वाटलं असंल, तर तेबी सांगा. म्हंजे मी ह्या दादांना हितंच थांबवते. अर्धं नाव ऱ्हाईलं तरी चालंल. ते कमी व्हते पण तुम्ही वर घेतलं, असं नको मला. जल्मभर त्या दगडापुढनं मान खाली घालून जावं लागंल.”

“दया नाही,” मी म्हणालो.

“मग काय?”

“उद्या सांगतो. नावं वाचताना.”

हे मी का बोललो ते मला त्या क्षणी कळलं नाही. पण बोलून गेलो होतो. ती मान हलवून निघून गेली आणि पाथरवट पुन्हा कामाला लागला.

पंधरा ऑगस्टला सकाळी बारीक भुरभुर होती. चावडीपुढं सगळं गाव जमलं होतं. शाळेची पोरं ओळीत, मंडळाची माणसं टोप्या-मेडल लावून, एका बाजूला बायका. आई बायकांत पुढंच बसली होती, तिच्या शेजारी वैजयंता आणि तिची चौथीतली मुलगी. आत्माराम मांढरे चिंचेच्या बुंध्याला टेकून उभे होते. झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत झालं. मग मी दगडापुढं गेलो, टाचा जुळवल्या आणि गावाकडं तोंड केलं.

दरवर्षी मी पहिलं वाक्य एकच म्हणायचो. शिपाई हणमंत रामजी शेलार, सन एकोणीसशे बासष्ट, चीनच्या आघाडीवर शत्रूशी लढता लढता वीरमरण. हे वाक्य माझं होतं. दगडावर ते कुठंच नव्हतं.

“शिपाई,” मी म्हणालो आणि थांबलो.

रात्रभर मी मनाशी घोकलं होतं काय बोलायचं ते. माझे वडील लढाईत गेले नाहीत, इतकी सोपी पाच शब्दांची गोष्ट. पण समोर केरबा उभा होता, ज्याला मी तीन दिवसांपूर्वी त्याच्या भावाची छाती दाखवली होती. शाळेची पोरं उभी होती, ज्यांना दर सव्वीस जानेवारीला मी बापाची गोष्ट सांगायचो. माझं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. पोरांच्या ओळीत चुळबूळ सुरू झाली. सरपंच पुढं सरकले, त्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

तेवढ्यात आई उठली.

पुढं यायला तिला वेळ लागला. कुणीतरी हात द्यायला गेलं तर तिनं नको म्हटलं. माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि दगडाकडं न बघता लोकांकडं बघत बोलली.

“हणमंत रामजी शेलार.”

 आमच्या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेईल तेवढंच. माझ्या सत्तेचाळीस वर्षांत मी आईच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकलं नव्हतं. शाळेत घालतानासुद्धा तिनं गुरुजींना ते दुसऱ्याकडून सांगितलं होतं.

“हणमंत रामजी शेलार,” ती पुन्हा म्हणाली. “माझं मालक. चीनच्या लढाईला निघालं व्हतं. वाटंत गाडीत ताप भरला, ठेसनावर उतरवलं आणि तिसऱ्या दिशी दवाखान्यात गेलं. गोळी लागली न्हाय. बंदूक चालवली न्हाय. माझ्या पोराला हे ठावं नव्हतं. मी सांगितलं न्हाय, ती चूक माझी. सत्तावीस वर्षांचं व्हतं ते.”

 मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “आता तू म्होरं वाच.”

मी वाचणार होतो. पण त्याआधी वैजयंता उठून पुढं आली होती. पदर नेहमीसारखा घट्ट ओढलेला. ती आईच्या पलीकडं उभी राहिली. तिचे ओठ दोनदा हलले आणि तिसऱ्यांदा शब्द आले.

“जोतीराम आत्माराम मांढरे. गाडीत रॉकेल आणि आटा व्हता. वर पोरं वाट बघत व्हती.”

चिंचेखाली आत्मारामांनी टोपी काढली. मग केरबाची वहिनी उठली, एकाहत्तर सालापासून पांढऱ्या कपाळाची, कधी कुणाशी चार शब्द न बोललेली. तिनं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि नदीचं नाव सांगितलं, जिच्या काठावर तो पडला. तिच्यामागून एकेक करत आणखी चौघी उठल्या. ज्यांच्या घरात कुणी उरलं नव्हतं अशी तीन नावं मी वाचली. त्या दिवशी नावं दगडावरच्या क्रमानं आलीच नाहीत.

केरबा माझ्याशी सहा महिने बोलला नाही. गावातही काही जण म्हणाले की म्हातारीनं उगाच अब्रू काढली, झाकलं होतं ते बरं होतं. माझ्या छातीवरच्या मेडलांकडं बघून दोघे-चौघे हसले असतील, हसू देत. पुढच्या वर्षी मात्र पंधरा ऑगस्टला मी नावं वाचायला उभा राहिलो तेव्हा बायका आधीच उठून दगडापाशी आल्या होत्या. तेव्हापासून ज्या घरचं नाव त्या घरानं घ्यायचं, माणूस कसा गेला ते सांगायचं, असंच चालत आलंय. कुणी ठराव केला नाही.

आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. ती होती तोवर शेलारांचं नाव तिनंच घेतलं, शेवटच्या साली खुर्चीवर बसून. ती गेल्यानंतरच्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा माझी पाळी आली. वडिलांचं नाव मी खणखणीत घेतलं, पण तापानं गेले, लढाईपर्यंत पोचले नाहीत, हे सांगताना आवाज आपोआप बारीक झाला.

मागून वैजयंता म्हणाली, “मोठ्यानं, मामा. पोरांना ऐकू येत न्हाय.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.